नवा संगणक बंद पडतो तेव्हा : दोष ग्राहकाचा की बाजाराचा?

कंपनीचा तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग निवडून तो जोडून घेणे, हा आपल्याकडील जुना आणि शहाणपणाचा व्यवहार आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की जिल्ह्याच्या ठिकाणची छोटी दुकाने, या धंद्यावर हजारो तरुणांचे पोट भरते. पूर्वी हे संगणक ऑफिसच्या कामासाठी जोडले जात. आता त्यातला मोठा वाटा गेमिंगच्या संगणकांचा असतो. किंमत लाख-दीड लाखाच्या घरात जाते. मुलाच्या हट्टापायी बाप पैसे मोजतो, किंवा एखादा तरुण पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्ते भरतो. त्याच संगणकावर पुढे व्हिडिओ एडिटिंगची किंवा आर्किटेक्टच्या नकाशांची कामेही होतात. म्हणून हा केवळ खेळाचा विषय समजून दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

असा नवा कोरा संगणक घरी येतो आणि चौथ्या दिवशी खेळ चालू असताना अचानक बंद पडतो. कधी निळा पडदा येतो, कधी खेळ आपोआप बाहेर पडतो, कधी सारे यंत्रच पुन्हा सुरू होते. ग्राहक दुकानात जातो. तिथे त्याला काय ऐकायला मिळते? "फॉरमॅट मारून बघा." फॉरमॅट मारूनही तेच झाले की, "गेमच खराब असेल." त्यानंतर, "तुमच्या घरची लाईट बरोबर नसेल." आणि शेवटी, "तुम्हीच सेटिंगमध्ये काहीतरी केले असेल." ग्राहकाने चार खेपा घातल्या की तो थकतो, आणि दुकानदाराला वाटते की विषय संपला. वास्तविक त्या दिवशी दुकानदाराने एक ग्राहक आणि त्याच्यामागचे दहा ग्राहक गमावलेले असतात.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नव्या संगणकातील बिघाड शोधणे ही जोडणी करणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ते शोधण्याची एक ठरलेली शिस्त आहे. ही शिस्त न पाळता ग्राहकावर दोष ढकलणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय धंद्याच्या दृष्टीनेही तोट्याचे आहे.

दोन उदाहरणे, एकच धडा

पहिले उदाहरण १९९४ सालचे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या कामासाठी नवा पेंटियम संगणक जोडला आणि उत्तरे जुळेनाशी झाली. त्यांनी घाई केली नाही. आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे का, मदरबोर्डमध्ये आहे का, असा एकेक संशय त्यांनी काही महिने खर्चून दूर केला. ऑक्टोबरमध्ये त्यांची खात्री पटली की दोष प्रोसेसरच्या भागाकार करणाऱ्या भागातच आहे. इंटेलने सुरुवातीला, ज्याला खरोखर गरज आहे हे दाखवता येईल त्यालाच प्रोसेसर बदलून देऊ, अशी भूमिका घेतली. त्यावर एवढी ओरड झाली की डिसेंबरमध्ये मागेल त्याला बदलून देण्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा कंपनीने आपल्या हिशेबात दाखवला.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आणि थेट गेमिंगशी संबंधित. इंटेलच्या १३व्या पिढीचे प्रोसेसर २०२२ मध्ये आणि १४व्या पिढीचे २०२३ मध्ये बाजारात आले. त्यातील वरच्या दर्जाचे प्रोसेसर घेणाऱ्यांचे खेळ बंद पडू लागले. पडद्यावर संदेश काय येई? "व्हिडिओ मेमरी संपली." साहजिकच सर्वांचा संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. कितीतरी लोकांनी चांगली कार्डे परत केली, बदलून घेतली, पुनःपुन्हा फॉरमॅट मारले. प्रत्यक्षात खेळाच्या दाबून ठेवलेल्या फाइली उलगडताना प्रोसेसरच चुका करत होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने अशा ग्राहकांना इंटेलकडे जाण्याचा सल्ला दिला. त्या वेळी बोट मदरबोर्ड कंपन्यांकडे दाखवले गेले, कारण त्या वेग वाढवण्यासाठी वीजमर्यादा सैल ठेवून बोर्ड विकत होत्या. ते काही अंशी खरेही होते. पण जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरच्या आतील मायक्रोकोडच चुकीचा, जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला आणि बॉक्समधील प्रोसेसरची वॉरंटी तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली. मात्र जो प्रोसेसर आधीच झिजला, तो या दुरुस्तीने बरा होत नाही. तो बदलावाच लागतो.

या दोन्ही प्रकरणांतून जो धडा मिळतो तो आपल्या बाजाराने नीट लक्षात घ्यावा. पडद्यावरचा संदेश म्हणजे रोगाचे नाव नव्हे. ताप म्हणजे रोग नव्हे, तसेच हे आहे. आणि ज्याला सगळे वेड्यात काढत होते तो ग्राहकच दोन्ही वेळा बरोबर निघाला.

शोध कसा घ्यावा

पहिली गोष्ट, फॉरमॅट हा पहिला नव्हे तर शेवटचा उपाय आहे. फॉरमॅट मारला की विंडोजमधील नोंदीही पुसल्या जातात. चोरी झालेल्या घरात पंचनाम्याआधी झाडू मारण्यासारखेच हे झाले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक बंद पडण्याची तारीख-वेळेसह नोंद असते. तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसली की पुष्कळ दुकानदार लगेच एसएमपीएस खराब असल्याचे सांगतात. ते बरोबर नाही. ती नोंद एवढेच सांगते की संगणक रीतसर बंद न होता बंद झाला. का झाला हे ती सांगत नाही. त्याउलट व्हीआ-लॉगर नावाची नोंद असेल तर प्रोसेसर, मेमरी किंवा कार्डाची जोडणी यांपैकी हार्डवेअरने स्वतःच चूक कळवली आहे, असे समजावे.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल करावा. रॅम बदलली, ड्रायव्हर बदलला आणि बायोसही बदलले, मग संगणक चालला, तर कशामुळे चालला? कोणालाच सांगता येणार नाही, आणि महिनाभराने तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसरी गोष्ट रॅमची. नव्या गेमिंग संगणकात संशयाची पहिली जागा हीच. खोक्यावर ६००० छापलेले असते. पण तो वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केल्यावरच मिळतो, आणि प्रोसेसर कंपन्यांच्या लेखी तो ओव्हरक्लॉकिंगमध्ये मोडतो. म्हणजे जाहिरात ज्या वेगाची, हमी त्या वेगाची नाही! ग्राहकाला हे कोणी सांगते का? म्हणून प्रथम ती सेटिंग बंद करून संगणक मूळ वेगाने चालवावा. त्रास थांबला तर अर्धे कोडे सुटले. मग मेमटेस्टसारख्या प्रोग्रॅमने रात्रभर तपासणी करावी. एकही चूक निघाली तरी रॅमची एकेक पट्टी वेगळी तपासावी. चार पट्ट्या भरल्याने संगणक दणकट होतो हाही गैरसमज आहे. रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, तर चार पट्ट्या भरल्यावर तो ३६०० वर येतो.

चौथी गोष्ट बायोसची. मदरबोर्ड कारखान्यातून निघून दुकानात येईपर्यंत कित्येक महिने जातात. त्या काळात आलेल्या दुरुस्त्या त्यात नसतात. वर सांगितलेला इंटेलचा मायक्रोकोड बायोसमधूनच येतो. २०२३ मध्ये एएमडीच्या काही नव्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे जळण्याचा धोका दिसला, तेव्हा १.३ व्होल्टची मर्यादाही बायोसमधूनच घालण्यात आली. तरीही जुन्याच बायोसवर संगणक ग्राहकाच्या हाती देणारे आहेत. हा आळस आहे, दुसरे काही नाही.

पाचवी गोष्ट विजेची आणि उष्णतेची. ग्राफिक्स कार्डाला दोन जोडण्या लागत असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल द्याव्यात, एकाच केबलच्या दोन टोकांवर भागवू नये. नव्या १६ पिनच्या जोडणीचा प्लग पूर्ण आत बसला नाही तर तो तापून वितळल्याची उदाहरणे २०२२ पासून जगभर झाली आहेत. कूलरखालचे प्लास्टिक काढायचे राहून गेल्याचे प्रकारही घडतात. आणि एक साधी गोष्ट : डीडीआर-५ रॅमचे नवे यंत्र पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे काळा पडदाच दाखवते, कारण ते रॅमशी जुळवून घेत असते. घाबरून बटण दाबणाऱ्या ग्राहकाला हे आधी सांगायला नको का?

व्यापारी बांधवांची अडचण

यावर व्यापारी बांधव म्हणतील, हे सगळे ठीक, पण वेळ कोणाकडे आहे? शेजारचा दुकानदार पाचशे रुपये कमी सांगतो आणि गिऱ्हाईक तिकडे जाते. नफा इतका पातळ असताना दोन दिवस एकाच यंत्रामागे कसे घालवायचे?

ही अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण तिचा उपाय तपासणी टाळणे हा नव्हे. तपासणीचा आकार वेगळा लावा आणि बिलात तसा लिहा. "चोवीस तास भार देऊन तपासले, रॅमची तपासणी केली, बायोस अमुक तारखेचे" असा एक कागद संगणकासोबत द्या, खाली सही करा. ज्या ग्राहकाने दीड लाख मोजले तो या कागदासाठी हजार रुपये जास्त देईल. आणि जो देणार नाही, त्याला निदान काय घेतले नाही ते कळेल. स्वस्ताच्या शर्यतीत छोटा दुकानदार ऑनलाइन विक्रीशी कधीच जिंकणार नाही. त्याच्याकडे असलेली एकच गोष्ट त्यांच्याकडे नाही, ती म्हणजे समोर बसून ऐकून घेणारा माणूस.

कायदाही आता बघ्याची भूमिका घेत नाही. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे बिलावर छापले की सुटलो, असे समजणाऱ्यांनी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचावा. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणे हीदेखील. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्यात शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ग्राहकांनीही लक्षात ठेवावे

टाळी एका हाताने वाजत नाही. कर वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर माल घ्यायचा आणि मग वॉरंटी मागायची, हे चालणार नाही. प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक असलेले पक्के बिल घ्या. प्रोसेसर बॉक्समधील आहे की ट्रेचा, हे विचारून बिलावर लिहून घ्या. बॉक्सच्या प्रोसेसरची वॉरंटी ग्राहकाला थेट कंपनीकडे मागता येते, ट्रेच्या प्रोसेसरसाठी मात्र विकणाऱ्याकडेच जावे लागते. दोन-तीन हजारांच्या फरकापायी घेतलेला ट्रेचा प्रोसेसर पुढे महाग पडू शकतो. खोकी वर्षभर तरी टाकू नका. यंत्र बंद पडले की वेळ, चालू असलेला खेळ आणि पडद्यावरचा मजकूर वहीत लिहा, फोटो काढा. घरी वेग वाढवण्याचे प्रयोग केले असतील तर ते लपवू नका. डॉक्टरपासून रोग लपवून औषध लागू पडत नाही.

मोठ्या कंपन्यांकडून चूक झाली तर कोट्यवधी डॉलर बाजूला ठेवून त्या सावरतात. आपल्या गल्लीतील दुकानदाराला आणि त्याच्या ग्राहकाला अशी चूक परवडत नाही. दोघांचेही भांडवल एकच आहे, शब्दावरचा भरवसा. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी बंद पडणारा नवा संगणक घेऊन काउंटरवर आला, तर "तुम्ही काय केले?" असे विचारण्याऐवजी "कधी आणि काय चालू असताना बंद पडला?" असे विचारा. बिघाडाचा शोधही याच प्रश्नापासून सुरू होतो आणि दुकानाचा लौकिकही.