प्रश्न खुला ठेवायचा, तर पुरावा जपायला हवा

२०२२च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागात लोकांनी आकाशातून जळत्या ठिपक्यांची एक रांग सरकताना पाहिली. मोबाइलवर चित्रफिती फिरल्या, तर्कांना ऊत आला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. पुढे पवनपार परिसरात एक गोळाही सापडला. चित्रफितींतली वेळ आणि दिशा कक्षेच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर उलगडा झाला. फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा वातावरणात परतताना जळत होता.

हे कोडं सुटलं, कारण पाहणाऱ्यांनी पाहिलेलं लपवलं नाही आणि पडलेली वस्तू तपासणीसाठी जपून ठेवली गेली. एरवी अशा घटनांच्या वाट्याला दोनच प्रतिक्रिया येतात. एक गट लगेच परग्रहवासीयांचं यान उतरवून मोकळा होतो; दुसरा सांगणाऱ्याला वेड्यात काढतो. दोघांनाही तपासाची गरज वाटत नाही. यातली टवाळी जास्त घातक, कारण तिच्या धाकाने साक्षीदार गप्प बसतात. अशा घटनांसाठी ‘नासा’ने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३च्या अहवालात नेमकं हेच दुखणं मांडलं. परग्रहाशी संबंध जोडावा असा पुरावा नाही, उपलब्ध माहितीचा दर्जाच कमी पडतो आणि बोलायला लोक कचरतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

कुतूहल आणि काटेकोरपणा एकत्र कसे नांदतात, हे मराठी वाचकांना खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी दाखवून दिलं. जीवसृष्टीची बीजं अंतराळातून पृथ्वीवर आली असावीत, ही त्यांचे गुरू फ्रेड हॉएल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी हिरिरीने मांडलेली कल्पना. नारळीकरांनी ती प्रयोगाच्या ऐरणीवर ठेवली. एप्रिल २००५मध्ये ‘इस्रो’च्या या प्रयोगासाठी हैदराबादहून एक महाकाय फुगा आकाशात सोडण्यात आला. त्याला निर्जंतुक केलेल्या आणि हवा काढून टाकलेल्या पोलादी नळ्या टांगल्या होत्या, त्याही द्रवरूप निऑनमध्ये बुडवून. वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवर नळीचं तोंड उघडलं की तिथली विरळ हवा आत ओढली जाऊन गोठायची. हवाई छत्रीने खाली आलेले नमुने हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले.

त्यांत जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. तीन जिवाणू तर विज्ञानाला पूर्णपणे नवे निघाले आणि त्यांतल्या एकाला हॉएल यांचं नाव मिळालं. छाती फुगवून मोठा दावा करायला एवढं पुरेसं होतं. पण २००९मध्ये निकाल जाहीर करताना स्पष्ट सांगितलं गेलं, की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचं निर्णायकपणे सिद्ध होत नाही. मात्र शोध पुढे चालू ठेवायला बळ मिळतं. गुरूच्या कल्पनेला अनुकूल वाटणाऱ्या निकालापुढेही इतका संयम दाखवायला मोठी हिंमत लागते.

अशा संयमाने हाती काही लागत नाही, असंही नाही. १९६७मध्ये केंब्रिजला जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर दर १.३ सेकंदांनी येणारे ठोके दिसले. परग्रहवासीयांचा संदेश असेल का, ही शंका त्या चमूलाही शिवली. मग बेल यांनाच आकाशाच्या दुसऱ्या भागात तसेच ठोके सापडले. दोन वेगवेगळ्या संस्कृती एकाच वेळी एकाच पद्धतीने हाका मारतील, हे संभवत नव्हतं. परग्रहवासी हुकले, पण भिरभिर फिरणारे न्यूट्रॉन तारे सापडले. ज्यांना आपण स्पंदक म्हणतो, ते हेच. आज पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महादुर्बिणीवर त्यांचा अभ्यास चालतो.

संशोधकांचा हा संयम बातम्यांत मात्र टिकत नाही. एप्रिल २०२५मध्ये खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या ‘के२-१८बी’ या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसत असल्याचं जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. आणखी निरीक्षणं हवीत, असं त्या गटानेच बजावलं होतं. तरी ‘परग्रहावर जीवन’ असे मथळे झळकले. पुढे इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासून गंभीर शंका घेतल्या, त्या मात्र फार थोड्या वाचकांपर्यंत पोहोचल्या.

म्हणून इथे काही गोष्टी लगेच सुरू व्हायला हव्यात. आकाशात काही वेगळं दिसलं, तर वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि किती सेकंद दिसलं, एवढं तरी टिपून ठेवायला शाळेतच शिकवावं. या नोंदी स्वीकारणारं एक ठिकाण प्रत्येक जिल्ह्यात असावं. स्थानिक महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग हे काम सहज करू शकेल. आकाशातून पडलेल्या वस्तूला हात न लावता आधी प्रशासनाला कळवावं. आणि ज्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर गूढ छापलं, त्याने तपासाचा निकालही पहिल्याच पानावर द्यावा.