उन्हाळ्याची सुटी आणि चर्चमधील कलाशिबिरें

मुलांस सुटी लागली कीं घरांतील वडील माणसांस काम लागतें. एकत्र कुटुंबांत हें काम वांटून जातें; आजी गोष्ट सांगते, काका पोहावयास नेतात, आत्या रांगोळीचे ठिपके शिकविते, आणि उरलेला दिवस भावंडांच्या मेळ्यांत आपोआप सरतो. ज्या घरीं आई-बाप दोघेंहि कामावर जातात व तिसरें माणूस नाहीं, तेथें मात्र हाच दिवस डोंगराएवढा होतो. अमेरिकेंत तर ही सुटी थोडीथोडकी नव्हे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळा जूनच्या अखेरीस बंद होतात, त्या सप्टेंबरांत उघडतात. तिकडे संसार थाटलेल्या आपल्या मुलांपुढें म्हणून एक प्रश्न उभा राहतो : घराजवळच्या चर्चमध्यें गाणें, नाटक व चित्रकला शिकविणारें उन्हाळी शिबिर आहे, तेथें मुलास घालावें कीं नाहीं? प्रश्न फोनवरून इकडच्या घरीं पोंचतो आणि दोन तट पडतात. एक म्हणतो, "कला ती कला, तिला धर्म कसला?" दुसरा म्हणतो, "गाण्याच्या निमित्तानें बाटवतील." हीं शिबिरें निघालीं कशीं व चालतात कशीं, हें दोन्ही पक्षांनीं आधीं पाहावें, असें आम्हांस वाटतें.

त्यांचा उगम गरिबींत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या पूर्व भागांत परदेशांतून आलेलीं मजुरांचीं कुटुंबें कोंदट चाळींतून दाटीवाटीनें राहात. उकाडा वाढला कीं मुलें रस्त्यावर येत आणि रस्ता शिकवील तें शिकत. १८९८ च्या जुलै महिन्यांत हॉज नांवाच्या एका डॉक्टरपत्नीनें त्या वस्तींतील बिअरचा एक गुत्ता भाड्यानें घेऊन तेथें मुलांसाठीं रोजची बायबल-शाळा सुरू केली. बायबलांतील कथांच्या जोडीला गाणीं, खेळ, चित्रें व हातकाम होतें. पुढील वर्षीं त्यांच्या पाद्र्यांनीं शाळा चर्चमध्यें भरविण्याचें सुचविलें. बाईंनीं तसें करून पाहिलें. परंतु मुलें कमी होऊं लागलीं, तेव्हां त्या पुन्हां गुत्त्याकडेच वळल्या. जागेच्या पावित्र्यापेक्षां ती मुलाच्या उंबरठ्याजवळ असणें अधिक महत्त्वाचें, हें त्यांनीं ओळखलें होतें. १९०१ सालीं प्रकृतीमुळें त्यांस काम सोडावें लागलें. तोंपर्यंत अशा सात शाळा त्यांनीं चालविल्या होत्या.

ह्याच कामाचा विस्तार बॅप्टिस्ट पंथाचे कार्यकर्ते रॉबर्ट बॉव्हिल ह्यांनीं केला. त्यांच्या दृष्टीस तीन गोष्टी रिकाम्या दिसल्या : रस्त्यावर रिकामीं मुलें, आठवडाभर रिकामीं पडलेलीं चर्चें, आणि सुटीमुळें रिकामे असलेले कॉलेजचे विद्यार्थी. ह्या तिहींची त्यांनीं सांगड घातली. युनियन थिऑलॉजिकल सेमिनरींतील विद्यार्थी शिक्षक झाले, आणि एकाच उन्हाळ्यांत पांच शाळांतून हजार मुलें आलीं. १९२२ सालीं ह्या शाळांची जागतिक संघटनाहि बॉव्हिल ह्यांनीं स्थापिली. सुटीच्या शाळेंत हजेरीचा धाक नसतो. मूल कंटाळलें तर दुसऱ्या दिवशीं येत नाहीं. म्हणूनच हातकाम व गाणें हीं तेथें केवळ शोभेचीं नव्हतीं. मुलाला परत आणणारी ओढ तींच होतीं.

आजचीं कलाशिबिरें ही ह्याच झाडाची फांदी होय. पुष्कळ ठिकाणीं सोमवारीं आरंभ होतो, सकाळीं प्रार्थना व सामुदायिक गाणें, मग ज्याच्या त्याच्या आवडीचा वर्ग, आणि शुक्रवारीं पालकांपुढें प्रयोग, असा क्रम असतो. चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें अर्धीं विद्यार्थी व अर्धीं मदतनीस असतात. लहानग्यास ब्रश धुवावयास शिकवितांना त्यांस स्वतःस जबाबदारी येते. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या नियमाप्रमाणें दिवसाच्या शिबिरांत सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागें व नऊ ते चौदा वर्षांच्या दहा मुलांमागें एक माणूस असावें लागतें. कोणींहि प्रौढानें मुलाबरोबर बंद खोलींत एकटें राहूं नये, व नेमणुकीपूर्वीं प्रत्येकाची पूर्वपीठिका तपासावी, असाहि दंडक चांगल्या शिबिरांत पाळतात. २००२ सालीं बोस्टनच्या वृत्तपत्रानें पाद्र्यांचे अत्याचार उघडकीस आणल्यापासून त्याची निकड सर्वांस पटली आहे. ज्या शिबिराचे चालक ह्याविषयीं विचारलें असतां कपाळास आंठ्या घालतात, तेथें मूल धाडूं नये.

आतां धर्माविषयीं. कलेला धर्म नसतो हें म्हणणें आम्हांस भाबडें वाटतें. आपल्या कीर्तनकारांनीं सुरांतून भक्तीच पोंचविली. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं ख्रिस्तभक्ति मराठींत रुजवावयाची म्हणून अभंग व कीर्तनच हातीं धरलें. गाणें मनांत खोल जातें, म्हणूनच तें निवडलें जातें. ह्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र दारावर जें लिहिलें तेंच आंत असावें. जें शिबिर आपला हेतु उघड सांगतें, त्याच्याशीं प्रामाणिक व्यवहार होऊं शकतो. दिवसांतून प्रार्थना किती वेळ, मुलास तेवढ्यापुरतें बाजूस बसतां येईल काय, शिकविणारा स्वतः कलावंत आहे काय, हे प्रश्न आई-बापांनीं निःसंकोच विचारावे. उत्तरें समाधानकारक असलीं तर मुलास खुशाल पाठवावें. दुसऱ्याचें भजन आदरानें ऐकण्यांत मुलाचें कांहीं बुडत नाहीं. ज्या घरीं त्याला स्वतःची गोष्ट कोणीच सांगत नाहीं, तेथें मात्र पांच दिवसांच्या गाण्यांस दोष देऊन काय उपयोग ? मोकळें पात्र कोणीतरी भरणारच.

दुसरी एक गोष्ट मुलाच्या हातांत पाहावी. शुक्रवारच्या प्रयोगासाठीं एका चुणचुणीत मुलास नायक करून बाकीच्यांस झाडें करून उभें करणें सोपें असतें. ज्या शिबिरांतून लाजाळू मूलहि स्वतः घडविलेलें ओबडधोबड मडकें छातीशीं धरून येतें, तें शिबिर चांगलें.

बॉव्हिल ह्यांच्या त्या तीन रिकाम्या गोष्टी आपल्याहि गांवीं आहेत. दुपारीं ओस पडलेला देवळाचा सभामंडप, मे महिन्यांत कुलूप लागलेली शाळा, परीक्षा संपवून घरीं बसलेला कॉलेजांतील पुतण्या, आणि मोबाइलवर दिवस काढणारीं शेजारचीं मुलें. परक्यांच्या शिबिराची चर्चा करतांना आपल्याजवळची किल्ली कोणाकडे आहे, हें एकदां विचारून पाहावें. आणि ती मिळाली तर दार आपल्याच मुलांपुरतें न उघडतां पलीकडच्या वस्तींतील मुलांसहि उघडावें.