शेवटच्या शेताचे माप

‘यंदा कसं काय?’ असे दिवाळीत भेटलेल्या बागलाणच्या शेतकऱ्याला विचारले, तर तो एकरी किती क्विंटल निघाले ते सांगतो, नाहीतर परवाच्या लिलावातला भाव. द्राक्षवाला छाटणीचा दिवस सांगतो, डाळिंबवाला तेल्या रोग कुठवर आला ते सांगतो. उत्तर खरे असते, पण आपल्या बांधापुरते. ‘गावाचं कसं काय?’ या प्रश्नाला मात्र कुणाकडे उत्तर नसते. गाव पुढे गेले की मागे हटले, हे सांगायला आपण काहीच मोजत नाही. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय तोच आहे : ज्याची त्याची जमीन, ज्याचा त्याचा सातबारा, ज्याची त्याची विहीर असलेल्या माणसांना एक काम आणि एक माप ठरवता येते का?

येते. आपल्याच नद्यांवर ते ठरलेले होते, आणि काही पिढ्या टिकलेही होते.

मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर लहान लहान दगडी बंधारे बांधून पाट काढायचे आणि खालचे शिवार भिजवायचे, ही फड पद्धत तीनचारशे वर्षांची मानली जाते. तिची रचना आज वाचली तरी थक्क व्हायला होते. बंधाऱ्याखालच्या सगळ्या भिजणाऱ्या रानाला थळ म्हणत. थळाचे तीन-चार फड पाडलेले असत आणि बहुतेक शेतकऱ्यांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असे. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात भुसार आणि कोणता फड कोरडा ठेवायचा, हे सगळे मिळून ठरवत. जमीन माझी, पण पीक फडाचे. पाणी द्यायचे काम मालकाच्या हाती नव्हतेच. पाटकरी ओळीने शेत भिजवत जाई, जागल्या पिकावर नजर ठेवी, हवालदार या सगळ्यांवर देखरेख करी. त्यांची मजुरी पिकातून निघे. पाटातला गाळ काढायला जमिनीच्या प्रमाणात प्रत्येक घराने माणूस द्यायचा. पाऊस कमी झाला तर तुटीचा वाटाही सगळ्यांना त्याच प्रमाणात.

या व्यवस्थेत गावाचे वर्ष कसे गेले, हे कळायला कागद लागत नव्हता. पाण्याची पाळी फडातल्या शेवटच्या शेतापर्यंत पोहोचली की नाही, एवढे पाहिले की पुरे. पोहोचली तर पाट साफ आहे, पाटकरी सरळ आहे, वरच्याने जास्त घेतलेले नाही आणि पीक ठरवणाऱ्या पंचांचा अंदाज बरोबर निघाला. नाही पोहोचली तर यांतले काहीतरी बिघडले आहे. एका मापात सगळ्या कारभाराची परीक्षा होई, आणि ते माप बांधावर उभ्या असलेल्या पोराटोरालाही कळे.

पुढे नद्यांवर वरच्या अंगाला हरणबारी, केळझरसारखी धरणे झाली, विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या, ज्याला त्याला हवे ते पीक हवे तेव्हा घेता येऊ लागले. काही ठिकाणी फड अजून चालतात, बरेच मोडले. त्याबद्दल उसासे टाकण्यात अर्थ नाही. मोटारीने शेतकऱ्याला जे स्वातंत्र्य दिले ते खरे होते, आणि फडात पाण्याचा वाटा जमिनीबरोबर चालत असल्यामुळे भूमिहीनाला तिथे मजुरीपलीकडे जागा नव्हती, हेही खरे. पण मोटार आली आणि सामायिक पाणी दिसेनासे झाले. पाटातले पाणी वरच्याने वळवले तर खालच्याला डोळ्यांनी दिसे. जमिनीखालचे पाणी कुणी ओढले ते दिसत नाही. खालचा काळा कातळ सच्छिद्र नाही. त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत जेवढे पाणी मावते तेवढेच आपले. ते ओढण्याच्या शर्यतीत आता शेततळीही उतरली आहेत. पावसाचे पाणी धरण्यासाठी शेततळे ही चांगलीच कल्पना, पण कागद अंथरून बोअरच्या पाण्याने भरलेले तळे म्हणजे सगळ्यांच्या खात्यातून काढून स्वतःच्या नावे ठेवलेली रक्कम, आणि त्यातलीही काही उन्हाच्या वाफेला द्यायची. सरकार तळ्यांची संख्या मोजते. शेजारच्या विहिरीचा तळ मोजायला कुणी नाही.

एक काम, एक माप याचा दुसरा धडाही बागलाणच्या सटाण्यातच मिळाला आहे. १० नोव्हेंबर १९८० पासून नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याचे आंदोलन पेटले, आणि जानेवारी १९८२ मध्ये शेतकरी संघटनेचे पहिले अधिवेशन आपल्या या गावात भरले. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी शेतकऱ्यांपुढे मागण्यांची लांबलचक यादी ठेवली नाही. शेतमालाला उत्पादनखर्चावर आधारलेला रास्त भाव, हा एककलमी कार्यक्रम. त्याची ताकद अशी की दोन एकरवाला आणि वीस एकरवाला, माळकरी आणि बिनमाळेचा, सगळ्यांना तो हिशेब बोटांवर करता येत होता : बी, खत, मजुरी, पाणी, गाडीभाडे यांची बेरीज एका बाजूला, हाती पडलेली पट्टी दुसऱ्या बाजूला. उणे आले की वादच मिटला. आपापल्या बांधाआड राहणारा शेतकरी त्या एका वजाबाकीने रस्त्यावर एकत्र आला.

त्या मापाची मर्यादाही आपण भोगतो आहोत. भावाची चावी गावात नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये ती उघडली, आणि दोन्ही वेळा सटाणा-नामपूरच्या बाजारात उभा असलेला शेतकरी फक्त ऐकणारा होता. ज्या मापाची चावी दुसऱ्याच्या हाती असते त्यातून आंदोलन उभे राहते, रोजची सवय उभी राहत नाही. आंदोलन हवेच, पण दोन आंदोलनांच्या मधली वर्षे कशी काढायची?

याचे उत्तर त्याच संघटनेने पुढे एकदा देऊन दाखवले. १९८६ मध्ये चांदवडला झालेल्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला : शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा स्वखुशीने बायकोच्या नावे करावा, आणि गावातल्या शंभर घरांनी तसे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त. इथे सरकारकडे मागणे काहीच नव्हते. काम घरातले, माप गावाचे. शंभरावे घर तयार होत नाही तोवर नव्व्याण्णव घरांचेही गाव होत नाही, म्हणून पहिल्या घरांना उरलेल्यांच्या दारी जायला कारण होते. सामायिक मापाने नेमके हेच करायला हवे : पुढच्याला मागच्याची चिंता लावायला हवी.

सामायिक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल नावाच्या डोंगरी गावाची गोष्ट नोंदवली आहे. तिथे शेते खासगी आणि उन्हाळी कुरणे गावाची. १५१७ पासूनचा लेखी नियम असा, की हिवाळाभर जेवढ्या गाई तुम्ही आपल्या चाऱ्यावर पोसू शकता तेवढ्याच गाई उन्हाळ्यात गावाच्या कुरणावर सोडायच्या.  प्रत्येकाच्या गोठ्यातच गावाचे माप ठेवलेले. बागलाणच्या पंचांना हा नियम समजावून सांगावा लागला नसता.

आणि फार लांब कशाला, दिंडोरीच्या वाघाड धरणाचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. धरण झाले, कालवा झाला, पण ओझरच्या बाजूला टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी दिसत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०-९१ मध्ये टेललाच तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या : बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांनी पाण्याचा कारभार हाती घेतला. पाणी एकरावर नव्हे, घनमापावर मोजून घ्यायचे, वाटायचे, पाणीपट्टी वसूल करायची आणि नाल्यांवर बंधारे घालून विहिरी जगवायच्या. मग वरच्या भागातही संस्था झाल्या, त्यांची संख्या चोवीसवर गेली आणि अख्ख्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा २००५ चा राज्याचा कायदा नंतरचा. त्याआधी पंधरा वर्षे टेलचा शेतकरी कामाला लागलेला होता.

माप चुकले की काय होते, तेही बघू. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात गावोगाव कामे झाली, नाले खोल झाले, कामांची संख्या आणि साठ्याचे आकडे वाढत गेले. कॅगच्या २०२० मधल्या अहवालाने मात्र सांगितले, की ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यावर योजनेचा फारसा परिणाम झालेला नाही. त्यावरून राजकारण झाले, ते बाजूला ठेवू. मोजायचे होते पाणी आणि मोजले खोदकाम, एवढा बोध गावाला पुरेसा आहे. जेसीबीचे तास मोजायला सोपे असतात, म्हणून ते मोजले जातात.

सटाण्याला हा फरक फार पूर्वी कळला होता. इंग्रजी अमलात मामलेदाराची लायकी वसुलीवरून ठरे. यशवंतराव भोसेकर नावाच्या मामलेदाराने इथे दुष्काळात उपाशी माणसांसाठी सरकारी खजिना उघडला. साहेबाच्या हिशेबात ती तूट होती. गावाने वेगळे माप लावले आणि त्या मामलेदाराला देव केले. दरवर्षी मार्गशीर्षात भरणारी देवमामलेदारांची यात्रा ही त्या मापाचीच यात्रा आहे. धान्य शेवटच्या घरापर्यंत पोहोचले का, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने आम्ही एक सूचना मांडतो. बागलाणच्या प्रत्येक गावाने आपल्या शिवारातली सर्वांत आधी आटणारी विहीर ओळखावी. ती कोणती, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. ती कोणत्या तारखेला आटली, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. शेजारी त्या वर्षीचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहावा. गावाचे माप एवढेच. आणि काम हे, की सारख्याच पावसाच्या वर्षी ती तारीख आणखी पुढे ढकलायची : मार्चातून एप्रिलात, एप्रिलातून मेमध्ये, आणि एखाद्या वर्षी थेट मृगापर्यंत.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतेच, मग हे कशाला, असे कुणी विचारेल. ते मोजमाप हवेच, पण ते कार्यालयात राहते. तारीख चावडीवर राहते. तिला यंत्र लागत नाही आणि ती लपवता येत नाही, कारण विहीर आटल्याचे वस्तीवरच्या बायांना तलाठ्याच्या आधी कळते. शिवाय सर्वांत आधी आटणारी विहीर सहसा उथळ आणि उंचावरच्या, कमी ताकदीच्या शेतकऱ्याची असते. फडातले शेवटचे शेत होते, कालव्याचा टेल होता, तसे जमिनीखालच्या पाण्याचे टोक म्हणजे ही विहीर. खाली पाचशे फुटांवर गेलेला बोअर अजून चालतो आहे, हे गावाच्या तब्येतीचे लक्षण नाही. उलट २००९ च्या भूजल कायद्याने विहिरीच्या खोलीला घातलेली साठ मीटरची मर्यादा आपण किती मनावर घेतली, त्याचा तो पुरावा आहे.

खरी अडचण दुसरी आहे. तारीख लिहिली म्हणून कुणी मोटार बंद करणार नाही. माझ्या पैशाचा बोअर, माझे वीजबिल, माझी बाग, मी कुणाला का विचारू? हा प्रश्न चुकीचा नाही, आणि उपदेशाने तो सुटतही नाही. सुटलाच तर हिशेबाने सुटेल. हिवरे बाजार गावाने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची रीत पाडली, शेतीसाठी बोअर नको आणि ऊस-केळी नको हे ठरवले, आणि ते पाळले. कारण आकडा सगळ्यांसमोर होता आणि नियम सरपंचापासून सगळ्यांना सारखा होता. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने तर जमिनीऐवजी माणशी पाणी वाटले, भूमिहीनालाही वाटा दिला. प्रत्येक गावाने हेच नियम उचलावेत असे नाही. नियम गावाचे असावेत, पण ते दरसाल एका तारखेशी ताडून पाहावेत. तारीख मागे आली तर नियम बदलावा, कुणाला दोष देत बसू नये.

ठरवायची वेळ नेमकी हीच आहे. पाऊस परतला आहे, विहिरी सर्वाधिक भरलेल्या आहेत आणि उन्हाळ कांद्याचे उळे, म्हणजे बी, टाकायची घाई सुरू आहे. आज टाकलेल्या प्रत्येक वाफ्याच्या रोपाला मार्चपर्यंत पाणी लागणार. म्हणजे मार्चचे पाणी खर्च करायचा निर्णय दिवाळीतच होतो, फक्त तो हजार घरांत वेगवेगळा होतो. फडाचे पंच हंगामाआधी बसत, ते उगीच नाही.

अंकातले लेख, कथा, कविता आणि व्यंगचित्रे या प्रश्नाभोवती फिरतात. सगळीच त्याच्याशी सहमत नाहीत, आणि ते आम्ही मुद्दाम तसेच ठेवले आहे. द्राक्षबागाईतदाराचे म्हणणे वेगळे आहे, मेंढपाळाचे वेगळे, आणि मजुरीला जाणाऱ्या बाईला तर विहिरीची तारीख तिच्या हंड्याच्या खेपांवरून आधीच पाठ आहे. 

लक्ष्मीपूजनाला बाजारपेठेत नव्या वह्यांची पूजा होते. यंदा पाडव्याच्या आत प्रत्येक ग्रामपंचायतीत एक नवी वही यावी. पहिल्या पानावर विहिरीचे नाव, मालकाची संमती आणि यंदाचा पाऊस लिहावा, आणि तारखेची जागा मोकळी ठेवावी. पुढच्या दिवाळी अंकात गावोगावच्या तारखा छापायला आम्ही पाने राखून ठेवली आहेत.