चौथा नंबर

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. माझी नात आंतरशालेय पोहण्याच्या शर्यतीहून घरी आली, ओली पिशवी चपलांच्या कपाटाशेजारी टाकली आणि कुणी काही विचारायच्या आत तिने जाहीर करून टाकले, "मी आता पोहणार नाही."

वय वर्षे बारा. या वयातल्या प्रतिज्ञा भीष्माच्या तोडीच्या असतात. फक्त त्या बहुधा रात्रीच्या जेवणापर्यंतच टिकतात. म्हणून मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. आमच्या सौभाग्यवती मात्र लाटणे हातात घेऊनच बाहेर आल्या.

"अगं, झालं तरी काय? कितवी आलीस?"

"चौथी."

"मग त्यात रडण्यासारखं काय? वर्गात चौथी आली असतीस तर मी पेढे वाटले असते!"

"आजी, वर्गात चौथ्या मुलीलाही बसायला बाक असतो. तिथे उभं राहायला तीनच पायऱ्या असतात."

यावर सौ. निरुत्तर झाल्या. आमच्या संसारातला हा तसा दुर्मीळ प्रसंग! तिसऱ्या आलेल्या मुलीत आणि हिच्यात अंतर होते एका सेकंदाच्या तेवीस शतांशांचे. चुटकी वाजवायला याहून जास्त वेळ लागत असेल. माझी मुलगी, म्हणजे या जलपरीची आई, काहीच बोलली नाही. तिने पिशवीतला पोहण्याचा पोशाख काढला, पिळला आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला.

रात्री जेवणे झाल्यावरही प्रतिज्ञा कायम होती, तेव्हा मात्र मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. आजोबा या प्राण्याला उपदेश करता येत नाही, पण गोष्ट सांगता येते. आणि सांगण्यासारखी गोष्ट माझ्यापाशी होती. तिचा शेवट आम्हा दोघांनाही ठाऊक होता. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या अंतिम शर्यती पाहण्यासाठी आम्ही आजोबा-नात मध्यरात्रीपर्यंत जागलो होतो. तिथे संध्याकाळ असायची तेव्हा इथे बारा वाजत असत, आणि सौ. आतल्या खोलीतून अधूनमधून "वाजले किती?" म्हणून विचारीत असत. त्या रात्रींत आम्हाला एक मुलगी भेटली. तिचे नाव समर मॅकिन्टॉश.

"समर मला माहीत आहे," नात म्हणाली. "तीन सुवर्णपदकं."

"ते झालं शेवटचं पान. मी पहिल्या पानापासून सांगतोय."

समरचा जन्म १८ ऑगस्ट २००६ चा, कॅनडातल्या टोरांटो शहरातला. म्हणजे ऐन उन्हाळ्यातला. घर खेळाडूंचे. आई जिल हॉर्स्टेड ही १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून २०० मीटर बटरफ्लाय पोहली होती. थोरली बहीण ब्रुक बर्फावरच्या जोडी-स्केटिंगमधली नावाजलेली खेळाडू. २०२२ च्या कुमार जागतिक स्पर्धेत तिने आणि तिच्या जोडीदाराने कांस्यपदक मिळवले. मला या घराची मोठी गंमत वाटते. एका बहिणीने पाणी घेतले, दुसरीने तेच पाणी गोठवून घेतले!

पण वाचकहो, खेळाडूंच्या घरात जन्म घेणे वाटते तितके सोपे नसते. गवयाच्या मुलाने जरा बेसूर गायले की लोक बापाचे नाव काढतात. ज्या मुलीची आई ऑलिंपिकपर्यंत पोचली, तिला पाण्यात उतरल्या दिवसापासून एक माप लावलेले असते. आणि आईने निवडला होता तो प्रकारही भलताच. बटरफ्लाय हे नाव फुलपाखराचे, काम बैलाचे! दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे फेकायचे, दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारायचे आणि हे सगळे खांद्याच्या आणि कमरेच्या लयीत. लय चुकली की पाणी जड होते. मी लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो. पुढे शहरात आल्यावर एकदा हा प्रकार करून पाहिला, तेव्हा काठावरच्या शिक्षकाने मला वाचवण्यासाठी उडी घेतली होती.

टोकियोचे ऑलिंपिक करोनामुळे एक वर्ष लांबून २०२१ च्या उन्हाळ्यात झाले. कॅनडाच्या पथकात सर्वांत लहान खेळाडू होती ही समर. वय चौदा. ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत तिच्याबरोबर ऑस्ट्रेलियाची एरियार्न टिटमस आणि अमेरिकेची केटी लेडेकी होती. लेडेकी स्वतः पंधराव्या वर्षी, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकून बसलेली. अशांच्या रांगेत ही चौदा वर्षांची पोर पोहली. वेळ ४ मिनिटे २.४२ सेकंद. कॅनडाचा राष्ट्रीय विक्रम.

"आणि नंबर?" मी विचारले.

नातीला आठवेना.

"चौथा. कांस्यपदक १.३४ सेकंदांनी हुकलं. चार जणींच्या रिले शर्यतीतही तिचा कॅनडाचा संघ चौथाच आला. एकाच ऑलिंपिकमध्ये दोनदा चौथी!"

नात गादीवर जरा सरकून बसली. गोष्ट लागू पडते आहे हे आजोबांना अशा वेळी बरोबर कळते.

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत समरने दोन सुवर्णपदके मिळवली. एक २०० मीटर बटरफ्लायमध्ये आणि दुसरे ४०० मीटर मेडलेमध्ये. मेडले म्हणजे पोहण्याच्या चारही प्रकारांची एकत्र परीक्षा. आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाइल, प्रत्येकी १०० मीटर. आपल्याकडे गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा संस्कृतात लटपटतो, तसे इथे चालत नाही. एक विषय कच्चा राहिला की सगळे गेले.

मग आला २०२३ चा मार्च. टोरांटोतच, आपल्या गावच्या तलावात, तिने ४०० मीटर फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम केला. वेळ ३ मिनिटे ५६.०८ सेकंद. चारच दिवसांनी ४०० मीटर मेडलेचाही विक्रम मोडला, ४ मिनिटे २५.८७ सेकंद. वय सोळा. इथे एखाद्या सिनेमावाल्याने पडदा पाडला असता आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत घरी गेले असते.

पण पुढे चारच महिन्यांनी जपानमधल्या फुकुओका इथे जागतिक स्पर्धा झाली. ४०० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत. टिटमसने ३ मिनिटे ५५.३८ सेकंदांत शर्यत जिंकली आणि समरचा विक्रमही घेऊन गेली. लेडेकी दुसरी. न्यूझीलंडची एरिका फेअरवेदर तिसरी. आणि शर्यत सुरू होताना जिच्या नावावर जगाचा विक्रम होता, ती समर कितवी आली असेल?

"नाही!" नात म्हणाली.

"होय. चौथी. फरक पस्तीस शतांशांचा."

मला या गोष्टीतला हाच भाग फार मोठा वाटतो. चौदाव्या वर्षी चौथे येण्यात कौतुक असते. लोक म्हणतात, वा, एवढीशी पोर! विक्रम करून झाल्यावर चौथे येण्यात मात्र कौतुकाचा लवलेश नसतो. तिथे फक्त आकडा असतो, आणि तो फलकावर सगळ्या जगाला दिसत असतो. त्या दिवशी तिच्या मनात काय झाले असेल, ते मी सांगू शकत नाही. पण पुढे काय केले ते नोंदलेले आहे. त्याच स्पर्धेत, त्याच आठवड्यात, तिने २०० मीटर बटरफ्लाय आणि ४०० मीटर मेडले या दोन्ही शर्यती पुन्हा जिंकल्या. तिने पिशवी कोपऱ्यात टाकली असती, तर हे घडायला वेळच उरला नसता.

त्या काळात ती घरापासून दूर, अमेरिकेतल्या फ्लोरिडात सरासोटा गावी ब्रेंट आर्की या प्रशिक्षकांकडे सराव करत होती. २०२४ च्या फेब्रुवारीत ओरलँडोला तिने ८०० मीटरच्या शर्यतीत साक्षात लेडेकीला मागे टाकले. तेरा वर्षांत या शर्यतीच्या अंतिम फेरीत लेडेकी कुणाकडून हरली नव्हती! आणि मग पॅरिस. ते तर आम्ही पाहिलेच होते. पहिल्याच दिवशी ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये टिटमस पहिली आणि समर दुसरी. जिथे दोनदा चौथी आली होती, तिथे रौप्यपदक. मग ४०० मीटर मेडले तिने इतक्या अंतराने जिंकली की दुसरी मुलगी यायला पाच सेकंदांहून अधिक लागले. २०० मीटर मेडलेमध्ये मात्र शेवटच्या ५० मीटरपर्यंत जीव टांगणीला लागला होता. त्या रात्री मी एवढ्याने ओरडलो की शेजारच्यांनी बेल वाजवली. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवणारी ती कॅनडाची पहिली खेळाडू.

या तिन्हींत मला सर्वांत जवळचे वाटते ते १ ऑगस्टचे. २०० मीटर बटरफ्लाय, २ मिनिटे ३.०३ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. चाळीस वर्षांपूर्वी तिची आई ज्या शर्यतीत पोहली होती आणि पदकाविना परतली होती, तीच ही शर्यत.

"आणि अजून ती थांबलेली नाही," मी म्हणालो. "२०२५ च्या जूनमध्ये पाच दिवसांत तीन जागतिक विक्रम केले. त्यात ते ४०० मीटर फ्रीस्टाइल परत मिळवलं, ३ मिनिटे ५४.१८ सेकंद! मग सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत चार सुवर्णपदकं. पाचव्या शर्यतीत, ८०० मीटरमध्ये, तिसरी आली. तर मायकेल फेल्प्सला घडवणारे बॉब बोमन आहेत ना, त्यांच्याकडे टेक्सासला शिकायला निघाली. एवढं मिळवल्यावरही तिला वाटतं, अजून शिकायचं आहे. आता बोल, तेवीस शतांशांसाठी पोहणं सोडायचं का?"

माझे कीर्तन उत्तम वठले होते. मी स्वतःवर खूश होऊन पाण्याचे भांडे तोंडाला लावले. तेवढ्यात दारापाशी उभी असलेली माझी मुलगी म्हणाली,

"बाबा, तुम्हाला सगळे शतांश पाठ आहेत. माझा कितवा नंबर आला होता, आठवतं?"

भांडे माझ्या हातातच राहिले.

हे सांगायला मला संकोच वाटतो, पण वर्षभर तुम्हाला इतरांचे किस्से सांगणाऱ्याने दिवाळीच्या अंकात एखादा स्वतःचा सांगायला हरकत नसावी. माझी मुलगीही पोहत असे. नववीत असताना जिल्ह्याच्या शर्यतीतून तिचे नाव पुढे राज्याच्या स्पर्धेसाठी गेले होते. मी म्हणालो, "पुढचं वर्ष दहावीचं आहे. आता हे पुरे." तिने वाद घातला नाही. आमच्या घरात त्या काळी वाद घालायची पद्धत नव्हती. तिला दहावीत उत्तम गुण मिळाले, आम्ही पेढे वाटले, आणि तिची पोहण्याची पिशवी माळ्यावर गेली. मी तिच्या हिताचेच केले, असे तीस-बत्तीस वर्षे समजत आलो होतो. कदाचित तसे असेलही. पण ती शर्यत पाहायला मी गेलोच नव्हतो. ऑफिसात काही तरी काम होते. काय काम होते, तेही आता आठवत नाही.

"नाही गं," मी म्हणालो. "कितवा?"

"दुसरा."

ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. मी काही तरी बोलायला हवे होते. "चुकलं माझं," एवढे दोन शब्द. लेखणीला जे सहज जमते ते जिभेला जमत नाही. शेवटी मी म्हणालो, "मला बघायला आवडलं असतं."

"आता बघा की," ती म्हणाली. "हिला पहाटे साडेपाचला न्यायचं असतं. रोज मीच नेते."

नातीने आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चपलांच्या कपाटाशेजारची पिशवी उचलून आत नेली. प्रतिज्ञेचे पुढे काय झाले, ते कुणीच विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठतो. नरकचतुर्दशीला एक दिवस लवकर उठायचे म्हणून आम्ही जन्मभर कुरकुरलो. या पोहणाऱ्या मुलांचे अभ्यंगस्नान बारा महिने चाललेले असते, तेही गार पाण्यात आणि तेल-उटण्याशिवाय! तलावाच्या काठी एक बाक आहे, तो आता माझा. नातीने मला वेळ मोजायचे घड्याळ दिले आहे आणि कुठले बटण केव्हा दाबायचे ते तीनदा शिकवले आहे.

परवा मुलीनेही पोहण्याचा पोशाख आणला होता. शेजारच्या पट्ट्यातून ती पाण्यात उतरली. आधी जरा चाचपडली. मग तिचे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर आले आणि पुढे गेले. मग पुन्हा. लय थोडी तुटक होती, पण होती. ती दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मी पाहत राहिलो.

"आजोबा, माझे किती झाले?" काठाला धरून धापा टाकत नातीने विचारले.

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिले. बटण दाबायचे राहूनच गेले होते.