सण साधा करा, ‘इको-फ्रेंडली’चं नवं दुकान नको

गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. ‘पर्यावरणपूरक सण साजरे करा’ या आवाहनाच्या प्रेसनोटा आम्हा पत्रकारांच्या व्हॉट्सॲपवर पडायचा हा हंगाम. आवाहन दरवर्षी तेच, फोटोतली कापडी पिशवीही तीच. आणि आवाहन करणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचे वाढदिवसाचे फ्लेक्स कुपवाडच्या चौकात विजेच्या खांबाला लटकलेले!

म्हणून आज थोडं कडू लिहितो. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात फ्लेक्सपासूनच करू. घराघरांतल्या वाढदिवसाचं बिघडणं तिथूनच सुरू झालंय. महापालिकेची मुदत ऑगस्ट 2023 मध्ये संपली, त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणूक कधीही लागेल म्हणून गल्लीगल्लीत ‘इच्छुक’ उगवले आणि प्रत्येकाचा वाढदिवस चार दिवस चालू लागला. हा फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. कुजत नाही, आणि जाळला तर विषारी धूर. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर केंद्राने 1 जुलै 2022 पासून बंदी घातली आहे. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्याचा कायदा 1995 चा आहे. बेकायदा फ्लेक्सविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेली एक महत्त्वाची याचिका तर आपल्या शेजारच्या साताऱ्याची, सुस्वराज्य फाउंडेशनची. त्यावर 31 जानेवारी 2017 ला सविस्तर निकाल आला, महापालिकांना कारवाईचे आदेश झाले. कायदा आहे, निकाल आहे. फ्लेक्सपण आहे.

लहान पोरगं रोज शाळेला जाताना हे बघतं. वाढदिवस म्हणजे चौकात फोटो, केकवर फवारा आणि रात्री बाराला फटाके, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आता तर वर्षाच्या बाळाचेही फ्लेक्स लागायला लागले. गॉगल घातलेलं बाळ, खाली ‘छोटे सरकार’, आणि शुभेच्छुक म्हणून ज्यांना त्या बाळाचं नावही धड माहीत नाही अशी वीस माणसं. बाळाला काय कळतंय ओ? हौस कुणाची चाललीय?

आता घरातला वाढदिवस बघू. तीस पोरं बोलावली असं धरा. प्रत्येकाला एक प्लेट, एक ग्लास, एक चमचा, एक टोपी, एक पाण्याची छोटी बाटली. झाले दीडशे नग, अडीच तासांत कचऱ्यात. वर फुगे, चमकणारी झालर, पॉपरमधून उडालेले चमचमते तुकडे, स्नो स्प्रेचे डबे, रिटर्न गिफ्टचं वेष्टन. यातल्या बऱ्याच वस्तू विकायलाच बंदी आहे. 2022 च्या त्याच यादीत प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, फुग्याच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरचं प्लास्टिक वेष्टन, सगळं आहे. राज्याची बंदी तर त्याआधीची, मार्च 2018 ची. दुकानात मात्र आजही मागाल ते मिळतं. सोनेरी अक्षरांचे ‘हॅपी बर्थडे’ फुगे म्हणजे धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिकच. भंगारवालाही घेत नाही.

हे सगळं जातं कुठं? घंटागाडीत टाकलं की आपल्यापुरतं संपलं, असं वाटतं. संपत नाही. मिरजेच्या बेडग रस्त्याला जातं, सांगलीच्या समडोळी रस्त्याला जातं. डेपोशेजारी राहणाऱ्यांनी तुमच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक खाल्लेला नसतो, धूर मात्र त्यांच्या नाकात.

आणि मंडळी, झाडा-नदीच्या आधी खिशाचं बोलू. कुपवाड हे एमआयडीसीचं गाव. इथं बारा-बारा तास मशीनवर उभं राहणारा माणूस पोराच्या पहिल्या वाढदिवसासाठी हॉल घेतो, डेकोरेशन घेतो, साउंड घेतो. पैसे कुठून येतात? उचल, बचत गटाचं कर्ज, नाहीतर हप्ता. का? तर मेव्हण्याच्या पोराचा वाढदिवस हॉलमध्ये झाला होता. आमची काय इज्जत? ही इज्जत विकणारा धंदा आपल्या गावात जोरात आहे. साध्या वाढदिवसाचा पहिला फायदा नदीला होईल तेव्हा होईल, घरातल्या बाईच्या डब्यातल्या पैशांना आधी होईल.

आता नवं सोंग सुरू झालंय, ‘इको-फ्रेंडली’चं. इको सजावटीचा संच ऑनलाइन मागवायचा. तो येतो पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत बुडबुड्यांचं प्लास्टिक, त्याच्या आत आणखी एक पिशवी. बियांच्या कागदाची निमंत्रणं छापायची, ती कुणी पेरत नाही. ग्रीन फटाका वाजवला की आपण पर्यावरणप्रेमी! अहो, ग्रीन फटाका म्हणजे धूळ-धूर साधारण तीस टक्क्यांनी कमी. उरलेला सत्तर टक्के आपल्याच पोराच्या छातीत जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली होती. आपल्याकडे दहाला तर पोरं जेवून बाहेर पडतात.

म्हणून मी ‘पर्यावरणपूरक’ हा शब्दच वापरायचा नाही म्हणतो. ‘साधं’ म्हणा. त्याला वेगळं दुकान लागत नाही.

साधं म्हणजे काय ते आपल्या आज्यांना विचारा. सकाळी पोराला न्हाऊ-माखू घालून पाटावर बसवायचं, निरांजनानं ओवाळायचं. नवा सदरा. शेवयाची खीर नाहीतर शिरा. गल्लीतली पोरं, स्टीलची ताटं, कमी पडली तर शेजारच्या वहिनींची उसनी. संध्याकाळी अंगणात लंगडी नाहीतर क्रिकेट. केक पाहिजेच असेल तर आणा की, कोण नको म्हणतंय? पण तो खायला आणा, तोंडाला फासायला नको. ज्या देशात आजही पोरं उपाशी झोपतात, तिथं अर्धा किलो केक गालाला चोपडून त्याचा व्हिडिओ काढणं याला मी तरी संस्कार म्हणणार नाही.

बाकीच्या सणांचंही तेच. संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकची डबी आणि चाळणी फिरत राहते, एका घरातून दुसऱ्या घरात, शेवटी उकिरड्यावर. त्यापेक्षा मूठभर तीळ, पेरायला भोपळ्याची बी, नाहीतर एखादं पुस्तक द्या. वटपौर्णिमेला वडाची फांदी विकत आणून पूजायची म्हणजे ज्याचं आयुष्य मागायचं त्याचाच हात तोडायचा. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडून गाडीभर विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तुडवल्या जातात. होळीचं तर उत्तर कधीच मिळालंय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंनिसनं सांगितलं होतं, होळी लहान करा, पोळी दान करा. ते ज्यांनी केलं त्यांचा सण काही बुडाला नाही.

गणपतीबद्दल तर सांगलीकरांना बाहेरच्यांनी शिकवायची गरजच नाही. आपल्या गणपती मंदिरातला ‘चोर गणपती’ आठवा. चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गाजावाजा न करता गुपचूप येऊन बसतो म्हणून ते नाव. मूर्ती कागदाच्या लगद्याच्या, दीडशेहून अधिक वर्षांच्या असं सांगतात, आणि त्यांचं विसर्जन होत नाही. त्याच मूर्ती जपून ठेवतात, पुढच्या वर्षी पुन्हा बसवतात. म्हणजे मूर्ती दरवर्षी नदीत सोडली नाही तर धर्म बुडतो, असं निदान सांगलीत तरी कुणी म्हणू नये. यात गंमत कागदाची नाही हेही लक्षात घ्या. कागदी मूर्ती नदीत सोडली तर तीही घाणच करते. गंमत जपून ठेवण्यात आहे. घरात पितळेची छोटी मूर्ती कायम ठेवा, पूजेला सुपारी ठेवा, नाहीतर वीतभर मातीची मूर्ती आणून बादलीत विसर्जन करा आणि ती माती तुळशीला घाला.

प्लास्टर पाण्यात विरघळत नाही म्हणण्याइतकं हळू विरघळतं, रंगातले धातू वेगळेच. केंद्रीय मंडळानं 2020 मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीची नियमावली काढली, मग मुदतवाढी झाल्या. 24 जुलै 2025 ला उच्च न्यायालयानं सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं, मार्च 2026 पर्यंत. त्याच महिन्यात सरकारनं गणेशोत्सव ‘राज्य महोत्सव’ जाहीर केला. चांगलं झालं. पण महोत्सव म्हणजे नुसता निधी आणि रोषणाई नव्हे.

आवाजाचंही तसंच. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण छाती फुगवून बातम्या छापल्या. त्याच मिरजेच्या रस्त्यावर साउंडच्या भिंती उभ्या राहतात. तंबोरा जुळवायला कान लागतो हो. तो आपण फोडतोय.

आता नेहमीचे तीन आक्षेप.

एक, “आधी शेरीनाला बंद करा, मग आमच्या गणपतीकडे या.” शंभर टक्के बरोबर. गणपती दहा दिवस, नाला तीनशे पासष्ट दिवस. कृष्णेत मेलेल्या माशांचा खच आपण सगळ्यांनी बघितलाय, तो काही निर्माल्यानं पडलेला नव्हता. नदीकाठी निर्माल्य कुंडासोबत फोटो काढून कुणी नाल्याचं पाप झाकत असेल तर त्याला रस्त्यात अडवून विचारा. पण नाला सुटत नाही म्हणून आपण आपली बादली ओतायची, हा कुठला हिशोब? पाणी आपल्याच नळाला येतं.

दोन, “आमच्याच सणांवर का बोलता?” आवाजाचा नियम 2000 सालचा आहे. वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. त्यात कुठल्या धर्माचं नाव नाही. जयंती असो, उरूस असो, लग्नाची वरात असो, नेत्याचा वाढदिवस असो, लागू सगळ्यांना. मी सगळ्यांवरच बोलतोय. फ्लेक्सला तर धर्मच नसतो.

तीन, “सणाची मजाच जाईल.” 2019 आठवा. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला गणपती आले. कितीतरी मंडळांनी वर्गणी पूरग्रस्तांना दिली, साउंड लावला नाही. मग 2020 आणि 2021. मंडळाची मूर्ती चार फूट, घरातली दोन फूट. मिरवणूक नाही. बाप्पा रागावला का? उलट आरतीचे शब्द स्पष्ट ऐकू आले. संकट आलं की आपल्याला साधं जमतं. संकट नसतानाही जमावं, एवढंच मागणं आहे.

कुंभारबांधवांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, तो आक्षेप मी मानतो. म्हणूनच निर्णय ऑगस्टमध्ये नको. मूर्तीचं काम कित्येक महिने आधी सुरू होतं, तेव्हाच मंडळांनी आणि घरांनी मातीच्या मूर्तीची आगाऊ मागणी द्यावी. ऐनवेळी छापे टाकून गरिबाचा माल जप्त करण्यात कसला पुरुषार्थ?

महापालिका प्रशासनाकडे माझ्या तीन मागण्या. पहिली, प्रत्येक प्रभागात महिला बचत गटाकडे भांडी बँक द्या. दोनशे ताटं, वाट्या, पेले, नाममात्र भाडं. केरळनं 2015 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा असल्याच पद्धतीनं, वापरून फेकायच्या वस्तू टाळून पार पाडल्या. आपल्याला गल्लीतला वाढदिवस जमणार नाही? दुसरी, कृत्रिम कुंडात किती मूर्ती आल्या आणि नंतर त्यांचं काय केलं, याचा हिशोब जाहीर करा. मूर्ती गोळा करून कुठंतरी खाणीत टाकणं म्हणजे विसर्जन नव्हे. तिसरी, फ्लेक्सवर परवाना क्रमांक आणि मुदत नसेल तर ज्याचा फोटो, त्याला दंड. शुभेच्छुकांना शोधत बसू नका.

आणि इच्छुक मंडळींना एक फुकटचा सल्ला. यंदाच्या वाढदिवसाला फ्लेक्सचे पैसे तुमच्या प्रभागातल्या भांडी बँकेला द्या. ताटावर नाव कोरून घ्या पाहिजे तर. फ्लेक्स आठ दिवसांत फाटतो, ताट वीस वर्षं जेवायला येतं. मतदार रोज तुमचं नाव बघत जेवेल!

तोवर आपण आपल्या घरापासून सुरू करू. पुढचा वाढदिवस कुणाचा आहे घरात? त्या दिवशी किती नग कचऱ्यात गेले ते मोजा आणि खाली कमेंटमध्ये आकडा टाका. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर या, भांडू. पण फ्लेक्स लावून शुभेच्छा तेवढ्या देऊ नका.