चित्राशेजारी जागा, माणसाशेजारी नाही

मी बोर्ड रंगवणारा माणूस. राहणार सुकापूर. दुकानांच्या पाट्या आणि एप्रिल आला की भिंतीवर बाबासाहेब, हा माझा धंदा. फ्लेक्स आला, पाट्या गेल्या. बाबासाहेब तेवढे उरले. तेव्हा हातानं काढलेल्या चित्राबद्दल बोलायचा हक्क मला आहे. तो मी कुणाकडून मागून घेतलेला नाही.

जिवंत नट आणि हातानं काढलेलं चित्र एकाच चौकटीत नाचताना बघून लोक म्हणतात, जादू! जादू कसली, मजुरी आहे. नट रिकाम्या हवेशी बोलतो, हवेचा हात धरतो. मग त्या शूटिंगच्या एकेका फ्रेमचा फोटो छापतात, त्यावर कागद ठेवून चित्रकार चित्र बेततो. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेमा पळतात. नटाची नजर आणि सशाचा डोळा बोटभर चुकला की खेळ खलास. १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये रिचर्ड विल्यम्सच्या हाताखालच्या चित्रकारांनी हे सगळं हातानं ओढलं, सावल्यासुद्धा वेगळ्या काढल्या. आपल्याकडं मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ ला निघाला. तिथं घडलेल्या राम मोहन यांनी 'भुवन शोम' (१९६९) आणि 'शतरंज के खिलाडी' (१९७७) या जिवंत नटांच्या सिनेमांत चित्रं हलवली. या हातांना माझा सलाम.

पण साली गंमत बघा. त्याच रॉजर रॅबिटमध्ये एक क्लब आहे. स्टेजवर नाचायला कार्टून, ट्रे घेऊन फिरायला कार्टून. गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसायला मात्र फक्त माणसं. नाचवायचं, राबवायचं, पंगतीला घ्यायचं नाही. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला पाहिजे का? आणि खलनायकाचा बेत काय? कार्टूनांची वस्ती पुसून टाकायची, तिच्यावरून हमरस्ता न्यायचा. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या पनवेलच्या माणसाला इथं हसू कसं येईल?

कुणी म्हणेल, पोरांच्या खेळात कसली जात शोधता? तर मग पडद्याबाहेरचं ऐका.

१९४६ ला डिस्नेनं 'साँग ऑफ द साउथ' काढला. जेम्स बास्केट हा काळा नट त्यात अंकल रीमस झाला. चित्रातली पाखरं त्याच्याभोवती उडतात, तो गात गात त्यांच्यासोबत चालतो. सिनेमाचा पहिला खेळ अटलांटात झाला. गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणारं शहर. बास्केट स्वतःच्या सिनेमाच्या त्या खेळाला गेला नाही. रंगवलेल्या पाखराशेजारी त्याला जागा होती, जिवंत गोऱ्या माणसाशेजारी नव्हती. १९४८ ला त्याला खास ऑस्कर दिलं, त्याच वर्षी तो मेला. सिनेमा मळ्यातल्या मालक-मजुरांचं गोडगोड चित्र रंगवतो, असा आक्षेप काळ्यांच्या संघटनेनं तेव्हाच घेतला होता.

अटलांटा लांब आहे म्हणता? दोन वर्षांमागं मी इथंच एका इमारतीत भाड्याची खोली बघायला गेलो. तिच्या कंपाउंडवर ससा, हत्ती, फुगे मीच रंगवलेले. मालकानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. 'अहो, खोली कालच गेली!' 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढं महिनाभर तशीच लटकत होती. माझा ससा तिथं फुकट राहतोय. त्याला कुणी आडनाव विचारत नाही.

मला नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'ची (२०१३) चौकट आठवते. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई रंगवलेल्या. त्यांच्या समोरून जब्याच्या घरची माणसं डुक्कर बांधून खांद्यावर नेतात. चित्र जागचं हलत नाही, हलतात ती माणसं. ते ॲनिमेशन नाही, पण जिवंत माणूस आणि हातचं चित्र एका चौकटीत आणून एवढं खरं बोललेलं मी दुसरीकडं बघितलं नाही.

मित्रांनो, तंत्र शिका. कागद घ्या, मोबाईल घ्या, चित्रं हलवा. पण ज्या चौकटीत आपलं चित्र चालतं आणि आपण चालत नाही, तिला टाळ्या वाजवू नका.

येत्या १४ एप्रिलला भिंत रंगवताना मी बाबासाहेबांच्या शेजारी माणसाएवढी जागा कोरी सोडणार आहे. वस्तीतल्या पोरापोरींनी एकेक करून तिथं येऊन उभं राहावं.