कसोटी लावा, परवाना नको

शेतकरी भावांनो, १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचा ११ टक्के कर काढून टाकला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत ओढली. आपला कापूस बाजारात यायच्या ऐन दिवसांत परदेशी गाठींना बंदर मोकळे! आता त्याच बंदरावर जुना डिझेल जनरेटर उतरवून पाहा. विदेश व्यापार धोरणात इतर बहुतेक जुनी यंत्रे परवान्याशिवाय येतात, पण जुना डिझेल जनरेटर प्रतिबंधित यादीत आहे. दिल्लीचा परवाना दाखवल्याशिवाय कस्टमवाले तो सोडत नाहीत.

कोरडवाहू शेतकऱ्याला जनरेटर कशाला, असे शहरातले विद्वान विचारतात. कपाशीची बोंडे भरताना किंवा ज्वारी पोटरीत असताना पावसाने ओढ दिली, तर त्या वेळचे एक पाणी म्हणजे पीक हाती येणे न येणे. उघड्या विहिरीवर ऑइल इंजिन चालते. पण पाणी पंपाच्या पंचवीस फूट खाली गेले, की वर ठेवलेला पंप ते ओढत नाही. बोअरला पाणबुडी मोटार लागते आणि तिला थ्री-फेज वीज. डीपी जळाली की ती दुरुस्त होईपर्यंत पीक थांबत नाही. वर्षाला एखाद-दुसऱ्या पाण्यासाठी चार-पाच जणांत मिळून एक जुना जनरेटर, हा हिशोब बसू शकतो. नव्या कोऱ्याचा बसत नाही.

धुराच्या आणि आवाजाच्या नियमांना आमचा विरोध नाही. धूर आपल्याच पोराबाळांच्या नाकात जातो. १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा, हा २००२ सालचा नियम. ८०० किलोवॉटपर्यंतच्या इंजिनांना धुराचे नवे, कडक निकष १ जुलै २०२३ पासून लागू झाले. देशी कारखानदार असो की आयातदार, मॉडेल मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावेच लागते. पुण्याची एआरएआय त्यांपैकीच एक. हे योग्यच आहे.

पण कसोटी धूर मोजते, परवाना काय मोजतो? अर्जदाराची दिल्लीतली ओळख. उद्योगधंद्यांचा बराचसा परवानाराज १९९१ मध्ये उठला, शेतकऱ्याच्या गरजेच्या वस्तूभोवती मात्र त्याचे कुंपण अजून शिल्लक आहे.

यावर एक आक्षेप खरा आहे. परवाना काढला तर परदेशातले भंगार आपल्या बंदरावर ओतले जाईल. भंगार आम्हालाही नको; बांधावर बंद पडलेले इंजिन काय असते ते आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच आमचे म्हणणे आहे, की बंदरावर यंत्र चालू करून धूर आणि आवाज मोजा, तपासणीची फी घ्या, नापास झाले तर आयातदाराच्या खर्चाने परत पाठवा. आजची मान्यता मॉडेलला मिळते. एकेक जुने यंत्र तपासून पास-नापास ठरवण्याची सोय सरकारने उभी करावी.

कराचेही तसेच. जनरेटरवर सीमाशुल्क, वर १८ टक्के जीएसटी. आयात करणारा व्यापारी भरलेल्या जीएसटीची वजावट घेतो. शेतकऱ्याची नोंदणीच नाही, तेव्हा वजावट कसली? सगळा बोजा शेवटी त्याच्या अंगावर. कापसाच्या गाठींवरचा कर एका अधिसूचनेने जातो, मग शेतकऱ्याच्या यंत्रावरचा का नाही?

तोवर कुणी आयात केलेला नवा सेट विकायला आणला तर दोन गोष्टी बघा. यंत्रावर मान्यतेच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असलेली पट्टी हवी आणि दुकानदाराने पक्के बिल द्यायला हवे. 'बिलाशिवाय स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याचा माल उद्या जप्त झाला, तर तो तुम्हाला ओळखही दाखवणार नाही.

परवान्याऐवजी बंदरावर तपासणी, ही मागणी ठराव म्हणून जिल्हा बैठकीत येत आहे. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी वीज किती दिवस बंद होती आणि त्यात किती पीक गेले याचा लेखी हिशोब सोबत आणावा. ठरावाला तो जोडायचा आहे.